कुतच्या वेढ्यातले मराठे, मोड आलेली कडधान्यं आणि तुमच्या घरातला गिनीपिग

गेल्या काही वर्षांत कल्याण-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कुत्र्या-मांजरांच्या जोडीला एक नवा पाहुणा दिसू लागला आहे, तो म्हणजे गिनीपिग. भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही, सोसायटीत कोणाची तक्रार येत नाही, आणि मुलं सहावी-सातवीत गेली की हट्ट धरतात. त्यामुळे दवाखान्यात हल्ली दोन प्रश्न हमखास येतात. "डॉक्टर, याला नक्की खायला काय घालायचं?" आणि "याच्या अंगावरचे केस गेलेत, आता मुलाच्या मानेवरही चट्टा आलाय, याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?"

मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांचा नाही. गिनीपिग आजारी पडला तर पशुवैद्याकडेच न्यायचा, हे आधी सांगून टाकतो. पण या दोन्ही प्रश्नांची उत्तरं माणसांच्या वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सापडतात. या प्राण्याला काय खायला लागतं आणि त्याच्या कातडीला काय होतं, हे आम्हा डॉक्टरांना कळलं ते त्याच्या काळजीपोटी नव्हे. माणसांचे आजार समजून घेण्यासाठी आम्ही त्याला पिंजऱ्यात ठेवलं, म्हणून कळलं. त्या कहाणीत आपली मराठी माणसंही आहेत. थोडी मोठी आहे, पण वाचा. नियम पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचं कारण कळलं की ते आपोआप लक्षात राहतात.

नाव चुकीचं, गाव लांबचं

गिनीपिग गिनी देशातला नाही आणि डुकराच्या जातीचाही नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं ते खाण्यासाठी. पेरूमध्ये आजही तो ताटात वाढला जातो (पेरू देशाबद्दल बोलतोय, फळावर पुढे येतोच). सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोहोचला आणि तिथे हौसेचा प्राणी झाला. पोर्तुगीज भाषेत तर त्याला 'भारताचं डुकरू' अशा अर्थाचं नाव आहे. कोलंबसाने अमेरिकेला इंडीज समजून जो गोंधळ केला, त्यातलाच हाही प्रकार. आपला याच्याशी काही संबंध नाही.

डोंगरातला, थंड हवेतला, दिवसभर गवत चरणारा प्राणी, एवढं ध्यानात ठेवा. कल्याणच्या मे महिन्यातल्या उकाड्यात आणि जुलैच्या ओलाव्यात त्याला त्रास का होतो, ते यावरूनच समजतं.

प्रयोगशाळेतही तो लवकर शिरला. १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये लव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात बसवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वासोच्छ्वास म्हणजे एक प्रकारचं संथ ज्वलन आहे, हे त्यातून पुढे आलं. शंभर वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यांचा मुख्य पुरावा असा होता, की प्रयोगशाळेत वाढवलेला हा जंतू टोचला की गिनीपिगला क्षय होतो.

इथे कल्याणकर म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या गावच्या, १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी कॉखच्या त्या घोषणेनंतर वर्षभराने अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानेच गेल्या. तेव्हा जंतू माहीत होता, पण औषध नव्हतं. ते औषध, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर चालतं हे १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फेल्डमन आणि हिनशॉ यांनी आधी कोणावर पाहिलं? गिनीपिगवरच.

आमच्या पिढीतल्या डॉक्टरांची त्याच्याशी ओळख फार्माकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये झाली. त्याच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट द्रावणात टांगायचा, हिस्टामिनचे थेंब टाकायचे आणि काजळी धरलेल्या कागदावर उमटणारी रेघ बघायची. अख्खा, जिवंत, 'व्हीक व्हीक' ओरडत कोथिंबीर मागणारा गिनीपिग मी बऱ्याच उशिरा पाहिला.

जहाजावरचा आजार आणि नशिबाने निवडलेला प्राणी

आता खाण्याकडे येऊ. स्कर्व्ही हा आजार तुम्ही शाळेत वाचला असेल. हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, सांधे दुखतात, माणूस गळून जातो. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना तो व्हायचा. १७४७ मध्ये जेम्स लिंड या स्कॉटिश डॉक्टराने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमित द्यायला १७९५ साल उजाडलं. सरकारी कामाची गती तेव्हाही तीच होती.

पण लिंबात असतं काय, हे कोणालाच कळेना, कारण त्याचा प्रयोग करायचा कोणावर? उंदराला कितीही कोरडं धान्य घाला, त्याला स्कर्व्ही होत नाही. कोंबडीला होत नाही, कबुतराला होत नाही.

१९०७ मध्ये नॉर्वेच्या राजधानीत (आजचं ओस्लो) अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख हे दोघे नॉर्वेजियन खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या आजाराचा अभ्यास करत होते. बेरीबेरी म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. तो कोंबड्या-कबुतरांत निर्माण करता येतो हे माहीत होतं. त्यांना पक्षी सोडून एखादा सस्तन प्राणी हवा होता, म्हणून त्यांनी गिनीपिग घेतला आणि त्याला नुसतं धान्य आणि पाव खायला घातला. बेरीबेरी झालीच नाही. झाली ती स्कर्व्ही. हिरड्या, सांधे, हाडं, सगळं माणसासारखं. आणि कोबी किंवा लिंबाचा रस दिला की ती टळायची.

त्यांनी गिनीपिगऐवजी उंदीर निवडला असता तर हा शोध कदाचित कित्येक वर्षं लांबला असता. बहुतेक प्राण्यांचं यकृत साखरेपासून व्हिटॅमिन सी स्वतः बनवतं. त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या टप्प्यातलं एन्झाइम माणसात नाही, माकडांत नाही, बऱ्याच वटवाघळांत नाही आणि गिनीपिगमध्ये नाही. ते बनवणारं जनुक आपल्या दोघांतही बिघडलेलं आहे. म्हणजे कुत्रा, मांजर, ससा, हॅमस्टर यांना व्हिटॅमिन सी बाहेरून मिळालं नाही तरी चालतं. गिनीपिगचं मात्र आपल्यासारखंच आहे, त्याला ते रोज खाण्यातून मिळावं लागतं.

म्हणूनच सशाचं खाद्य गिनीपिगला चालत नाही. दुकानदार "एकच आहे हो" म्हणून देतो. दिसायला एकच असतं. पण सशासाठी बनवलेल्या खाद्यात व्हिटॅमिन सी घालायची गरज नसते, त्यामुळे ते घातलेलं नसतं.

कुत, १९१६

आता ती मराठी माणसांची गोष्ट. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानी फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पाठवली. तिच्यात आघाडीला होती सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कोकणातल्या आणि देशावरच्या खेड्यांतली ही पोरं. बगदादच्या वाटेवर माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या काठच्या कुत गावात तुर्कांनी त्यांना वेढलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करेपर्यंत वेढा जवळजवळ पाच महिने चालला.

आहाराच्या दृष्टीने या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट घडली. एकाच गावात, एकाच वेळी, दोन प्रकारच्या सैनिकांना दोन वेगळे आजार झाले. गोरे सैनिक पांढऱ्या मैद्याचा पाव आणि बिस्किटं खात होते. त्यांच्यात बेरीबेरी आली. हिंदी सैनिकांना कोंड्यासकट आटा मिळत होता, त्यामुळे ते बेरीबेरीतून वाचले. पण भाजीपाला संपलेला, आणि मांस म्हणजे कापलेले घोडे आणि खेचरं. ताज्या मांसात थोडं का होईना व्हिटॅमिन सी असतं. आपल्या सैनिकांपैकी बहुतेकांनी धर्मामुळे घोड्याचं मांस खायला नकार दिला. शेकड्यांनी हिंदी सैनिक स्कर्व्हीने अंथरुणाला खिळले. पुढे मैद्यात जवाचं पीठ आणि आटा मिसळावा लागला तेव्हा गोऱ्यांची बेरीबेरी ओसरली. आपल्या लोकांची स्कर्व्ही मात्र वाढतच गेली.

मेसोपोटेमियातल्या या हालाखीनंतर हा प्रश्न लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचला. तिथले पुरुष शास्त्रज्ञ युद्धावर गेलेले. हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघींनी काम हातात घेतलं. प्रश्न साधा होता. वाळवंटात, ताजी भाजी मिळत नाही अशा ठिकाणी, सैनिकाला स्कर्व्हीपासून वाचवेल असं काय देता येईल? आणि ते मोजायचं साधन होतं गिनीपिग. त्याला ओट्स, कोंडा आणि खूप तापवून निर्जंतुक केलेलं दूध एवढंच द्यायचं. तीन आठवड्यांच्या आसपास सांधे सुजतात, तो पाय उचलून धरतो, एका कुशीवर पडून राहतो. मग दुसऱ्या गटाला त्याच खाण्यात एकेक पदार्थ ठरावीक मापाने मिसळून द्यायचा आणि कोण वाचतो ते बघायचं.

या कामातून निघालेलं उत्तर आपल्या घरात आधीपासून होतं. कोरड्या डाळीने आणि कडधान्याने गिनीपिग वाचत नव्हता. तीच कडधान्यं भिजवून मोड आणली की वाचत होता. (अशी पहिली निरीक्षणं १९१२ मध्ये नॉर्वेच्या फ्यूर्स्ट यांनी केली होती, चिक आणि ह्यूम यांनी ती पुढे नेली.) कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं व्हिटॅमिन सी मोड येताना तयार होतं. या दोघींनी सैन्याला सुचवलेली रीत अशी होती: कडधान्य दिवसभर भिजवा, पाणी काढून टाका, ओलसर ठेवा, एक-दोन दिवसांत मोड आले की फार वेळ न शिजवता खा. तुमच्या आजीने मटकी-मुगाचं फडकं बांधून ठेवताना हेच केलं. फक्त कुतमधल्या तिच्या नात्यातल्या कोणाला तेव्हा हे कोणी सांगितलं नाही.

आणखी एक गंमत. १९१९ मध्ये चिक, ह्यूम आणि त्यांची सहकारी स्केल्टन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक टिपण छापलं. त्यात त्यांनी चिंच, आमचूर आणि चक्क आपलं कोकम गिनीपिगला घालून पाहिलं होतं! हिंदुस्थानी सैनिकांच्या शिध्यात जाणारी ही वाळवलेली फळं स्कर्व्ही टाळतात का, हे बघायचं होतं. ताज्या फळभाज्यांच्या तुलनेत त्यांची ताकद फारच कमी निघाली. त्याच काळात त्यांनी हेही दाखवलं, की नौदल ज्याच्यावर भरवसा ठेवून होतं तो वेस्ट इंडीजच्या छोट्या हिरव्या लिंबांचा साठवलेला रस, मोठ्या पिवळ्या लिंबाच्या रसापुढे अगदीच कमजोर आहे. आंबट आहे म्हणजे व्हिटॅमिन सी आहे, असं नसतं. सायट्रिक आम्ल वेगळं, व्हिटॅमिन सी वेगळं. पेशंटना हे मी आजही समजावत असतो.

शेवटी १९३२ मध्ये हंगेरीचे सेंट-जॉर्जी आणि त्यांचे सहकारी स्वर्बेली यांनी ते शुद्ध द्रव्य गिनीपिगला अगदी थोड्या प्रमाणात रोज देऊन त्याला स्कर्व्हीपासून वाचवलं आणि व्हिटॅमिन सी म्हणजे नेमकं काय ते सिद्ध झालं. अमेरिकेत चार्ल्स किंग यांनीही त्याच सुमारास हेच दाखवलं. सेंट-जॉर्जींना १९३७ चं नोबेल मिळालं.

मग वाटीत काय ठेवायचं?

या सगळ्या इतिहासातून तुमच्या गिनीपिगसाठी काय निघतं ते आता सांगतो.

वाळवलेल्या कोकमाचं जे झालं तेच वाळलेल्या गवताचं होतं. वाळलं की व्हिटॅमिन सी गेलं. तरीही गिनीपिगचं मुख्य खाणं वाळलेलं गवतच हवं, चोवीस तास, हवं तेवढं. कारण वेगळं आहे. त्याचे सगळे दात, दाढांसह, आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळल्यानेच झिजतात. त्याचं पोट तंतूंवर चालतं. कल्याणहून मुरबाड-शहापूरकडे गेलात तर पावसाळ्यानंतर रचलेल्या गवताच्या गंज्या दिसतील. असं हिरवट, सुवासिक, बुरशी न लागलेलं गवत मिळालं तर उत्तम. भाताचा पेंढा म्हणजे गवत नव्हे. तो खाली अंथरायला ठीक आहे, पोट भरायला नाही.

व्हिटॅमिन सी द्यायचं ताज्या भाजीतून. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ग्रॅम ते सव्वा किलो असतं आणि त्याला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं. गाभण मादीला आणि आजारी प्राण्याला वरच्या बाजूचं. आपल्या बाजारातली रोजची सोय म्हणजे कोथिंबीर आणि ढोबळी मिरची. भारतीय आहारतक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कोथिंबिरीत सुमारे १३५ मिलिग्रॅम, पेरूत २१२, शेवग्याच्या पाल्यात २२० आणि आवळ्यात ६०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. पण आकडे बघून आवळा आणि शेवगा भरभरून घालू नका. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर, आणि गिनीपिगला मूतखडे सहज होतात. पालकाचंही तसंच, कधीतरी एखादं पान. पेरूची एक पातळ फोड आठवड्यात एक-दोनदा पुरे, कारण साखर. आवळा तो बहुधा तोंडात घेऊन टाकून देईल. मूठभर कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीचा बोटभर तुकडा एवढ्यात रोजची गरज भागते. भाजी नीट धुवा, निथळू द्या, उरलेली संध्याकाळी काढून टाका.

आणि मोड आलेली मटकी? दोन-चार दाणे दिल्याने काही बिघडत नाही, पण त्याच्या पोटात डाळीने गॅस धरतो. ज्याच्यावर प्रयोग करून उसळीचं महत्त्व कळलं त्यालाच उसळ फारशी मानवत नाही.

पाण्यात व्हिटॅमिन सीचे थेंब टाकायचा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. तो ऐकू नका. पाण्यात ते काही तासांतच नासायला लागतं आणि चव बदलली म्हणून तो पाणी कमी पितो, हे आणखी वाईट. पेलेट्सचं खाद्य घेताना पाकिटावरची तारीख बघा. बनवल्यापासून तीन महिन्यांत त्यातलं व्हिटॅमिन सी बरंच घटलेलं असतं, आणि सुटं विकायला उघड्या पोत्यात ठेवलेलं खाद्य किती जुनं हे कोणाला ठाऊक? आपली ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळीही त्याला नको.

पोळी, भात, पोहे, बिस्किट, दूध, फरसाण यांतलं काहीही नको. कांदा, लसूण, बटाटा, ॲव्होकॅडो तर कधीच नको. लेकरू मागतंय म्हणून आपण पारले बिस्किटाचा तुकडा देतो. त्याचं आतडं त्यासाठी बनलेलंच नाही. आणि एक नियम लक्षात ठेवा: गिनीपिगने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. त्याचं आतडं थांबलं की तो फार लवकर हाताबाहेर जातो.

कातडीची गोष्ट

व्हिटॅमिन सी कमी पडलं की ते कातडीवरही दिसतं. केस राठ, विस्कटलेले, अंग खपलीदार, छोटी जखमही भरत नाही, आणि हात लावला की तो ओरडतो, कारण सांधे दुखतात. पण केस गेलेला प्रत्येक गिनीपिग स्कर्व्हीचा नसतो. दुसरं मोठं कारण म्हणजे गजकर्ण, ज्याला आपण नायटाही म्हणतो.

नाकाभोवती, डोळ्यांभोवती, कानांवर गोल टक्कल आणि कोंड्यासारखा पापुद्रा दिसला की बुरशीचा संशय घ्या. ही बुरशी माणसाला होते, विशेषतः मुलांना, कारण मुलं त्याला गालाशी धरतात. चित्र बहुतेक वेळा ठरलेलं असतं: मुलाच्या मानेवर किंवा गालावर लालसर, खाजरं, कडेला उठावदार वर्तुळ, आणि पंधरा दिवसांनी आईच्या हातावर दुसरं. कधी कधी गिनीपिगच्या अंगावर काहीच दिसत नाही, तरी बुरशी त्याच्या केसांत असते.

गजकर्णाच्या औषधांचा इतिहासही याच प्राण्याच्या पाठीवरून जातो. बुरशीमुळे कातडीचा आजार होतो हे पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी १८४० च्या दशकात दाखवलं. पण पुढची शंभर वर्षं वरून लावायची मलमं, आणि डोक्यातला नायटा असेल तर क्ष-किरणांनी केस पाडणं, एवढेच उपाय होते. १९३९ मध्ये एका बुरशीपासूनच ग्रायसिओफुल्व्हिन नावाचं द्रव्य मिळालं, आणि १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनीपिगना मुद्दाम गजकर्ण देऊन ते औषध तोंडावाटे दिलं. गिनीपिग बरे झाले. गजकर्णावरची पोटात घ्यायची पहिली खरी गोळी माणसांना त्यानंतर मिळाली.

म्हणून गजकर्ण झाला तर तुमच्यावर आणि त्याच्यावर एकाच वेळी उपचार व्हायला हवेत, तुम्हाला डॉक्टरांकडून आणि त्याला पशुवैद्याकडून. नाहीतर तो तुम्हाला देतो, तुम्ही त्याला परत करता. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं 'खाजेचं मलम' माणसालाही लावू नका. दोन दिवस लाली जाते, खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. आपल्याकडे गजकर्ण इतका चिवट झालाय त्यात या मलमांचा मोठा हात आहे. गिनीपिगला तर अजिबात लावू नका. तो चाटतो, आणि स्टेरॉइड त्याच्या पोटात जातं.

अंगाला रक्त येईपर्यंत खाजवत असेल, झटके आल्यासारखा पळत असेल, तर ती बहुधा खरजेच्या किड्यांची जात असते. तिचा त्रास इतका भयंकर असतो की फेफरं आल्यासारखं होतं. त्यावर औषध आहे, पण मात्रा ग्रॅमच्या हिशेबाने ठरते, तेव्हा अंदाजाने काही टोचू-पाजू नका. तळपाय लाल होऊन त्यांना जखमा झाल्या तर पिंजऱ्याची जमीन बघा. जाळीची असेल तर बदला, ओली राहत असेल तर रोज पुसा. पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या हवेत अंथरूण वाळतच नाही आणि बुरशी, तळपायाच्या जखमा, सर्दी हे सगळं तेव्हाच वाढतं. अंथरूण थोडं थोडं, पण वारंवार बदला. आंघोळ घालायची गरज नसते. माणसाचा शाम्पू तर नकोच, त्याने कातडी कोरडी पडून आजार वाढतो.

पेनिसिलिनचं नशीब

सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटी ठेवलंय, कारण यात जीव जातो.

मे १९४० मध्ये ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलिनची पहिली परीक्षा घेतली ती आठ पांढऱ्या उंदरांवर. औषध दिलेले उंदीर वाचले, न दिलेले गेले. त्यांनी त्या दिवशी गिनीपिग घेतला असता तर? १९४३ मध्ये लक्षात आलं, की पेनिसिलिन गिनीपिगला मारतं. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू या औषधाने मरतात, घातक जंतू वाढून विष सोडतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन तो जातो. पहिल्याच प्रयोगात असं झालं असतं तर पेनिसिलिन विषारी म्हणून बाजूला पडलं असतं.

तेव्हा घरात उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप, सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन यांतलं काहीही गिनीपिगला देऊ नका. "मुलाला सूट झालं होतं" हे कारण इथे चालत नाही. आणि पशुवैद्य निवडताना फोनवरच विचारा, की गिनीपिग किंवा ससे ते नेहमी बघतात का. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही कधी कधी याच्या औषधांबाबत अडखळतात.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. तुम्ही मुलाचा चट्टा घेऊन आमच्याकडे याल तेव्हा घरी गिनीपिग आहे हे न विचारता सांगा. बहुतेक डॉक्टर कुत्रा-मांजर आहे का एवढंच विचारतात. आणि घरी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, गिनीपिगला टोपलीत ठेवून त्याचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजार लपवण्यात हा प्राणी पटाईत असतो, पण काट्यावर तो पकडला जातो. दहा टक्के वजन उतरलं, म्हणजे किलोचा ९०० ग्रॅम झाला, तर तो कितीही उड्या मारत असला तरी त्याच आठवड्यात दाखवा, आणि जाताना ती कॅलेंडरची पानं आणि पेलेट्सचं पाकीट बरोबर न्या.